मताला न आलेला करार

जुलैचा तिसरा आठवडा उलटला की भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातल्या सिहोरा पट्ट्यात धानाची रोवणी जोरात असते. एका अंगाला बावनथडी, दुसऱ्या अंगाला वैनगंगा, आणि नदी ओलांडली की मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. इथल्या बांध्यांना चांदपूर जलाशयाचा आधार आहे. बावनथडीचं पाणी उचलून त्या जलाशयात टाकण्यासाठी सोंड्याटोला उपसा सिंचन योजना झाली. उपसा म्हटला की पंप आले, आणि पंप म्हटले की वीज आली. २००८ साली महाराष्ट्रात नेमकी विजेचीच टंचाई होती. राज्याला हजारो मेगावॅटची तूट होती, आणि भारनियमनाचा सर्वांत मोठा वाटा खेड्यांच्या पदरात पडत होता.

त्या वर्षी २२ जुलैला, ऐन रोवणीत, या भागाचे खासदार दिल्लीत लोकसभेच्या बाकावर होते. भारत-अमेरिका अणुकरारावरून डाव्या पक्षांनी पाठिंबा काढून घेतला होता आणि डॉ. मनमोहन सिंग यांच्या सरकारचं बहुमत पणाला लागलं होतं. विजेची चणचण सोसणाऱ्या मतदाराच्या दृष्टीनं हा प्रश्न घरचा होता. अणुऊर्जा हवी का, हवी तर कोणत्या अटींवर, तिचा धोका कोणी पत्करायचा, या प्रश्नांवर त्याच्या प्रतिनिधीनं काही ठरवायला हवं होतं. पण त्या दिवशी सभागृहापुढे जो ठराव होता त्यात कराराचं नावही नव्हतं. हे सभागृह मंत्रिमंडळावर विश्वास व्यक्त करते, एवढाच त्याचा आशय होता. भारतीय संसदेनं हा अणुकरार कधी मतदानानं मंजूर केला नाही आणि फेटाळलाही नाही. त्या दिवसाचा इतिहास सांगताना नोटांची पुडकी आणि फुटलेले खासदार आठवतात. ही मूळची उणीव मात्र सांगायची राहून जाते.

कहाणीची सुरुवात महाराष्ट्रातच होते, तारापूरला. ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात तारापूर अणुवीज केंद्राचा करार झाला. अमेरिकी कंपनीनं दोन अणुभट्ट्या उभारून द्यायच्या आणि अमेरिकेनं तीस वर्षं समृद्ध युरेनियम पुरवायचं, असं ठरलं. १९६९ मध्ये केंद्र सुरू झालं. पश्चिम किनाऱ्यावरच्या मच्छीमार गावांच्या शेजारी देशाची पहिली अणुवीज तयार होऊ लागली. १८ मे १९७४ ला पोखरणला भारतानं अणुस्फोट केला आणि चित्र पालटलं. अमेरिकेनं १९७८ मध्ये अण्वस्त्रप्रसाराविरुद्ध नवा कायदा केला. ज्या देशाच्या सर्व अणुसुविधा आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत, त्याला इंधन द्यायचं नाही, असा त्याचा अर्थ होता. तारापूरच्या भट्ट्यांचं भवितव्य आता वॉशिंग्टनच्या हाती गेलं.

१९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी तारापूरसाठी सुमारे ३८ टन युरेनियम पाठवण्याचा निर्णय घेतला. तो रोखायचा तर अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी विरोधात मत द्यायला हवं होतं. प्रतिनिधिगृहानं २९८ विरुद्ध ९८ मतांनी विरोध केला. मग प्रकरण सिनेटमध्ये गेलं. तिथं २४ सप्टेंबर १९८० रोजी ४८ विरुद्ध ४६ मतांनी इंधन पाठवण्याच्या बाजूनं कौल पडला. महाराष्ट्रातल्या एका वीज केंद्राचा निर्णय दोन मतांच्या फरकानं सात समुद्रांपलीकडे लागला. एकेका सिनेटरनं याच एका प्रश्नावर आपलं मत नोंदवलं, आणि त्या मताचा जाब त्याच्या राज्यातले मतदार त्याला विचारू शकत होते. अमेरिकेचा हा पुरवठा पुढे टिकला नाही. १९८२ नंतर फ्रान्स, मग चीन, मग रशिया असं करत तारापूरची सोय लावावी लागली. ज्यांनी ती ओढाताण पाहिली, त्या अणुशास्त्रज्ञांच्या मनात परक्या इंधनाबद्दलचा संशय खोल रुजला.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घरच्या युरेनियमचीही टंचाई भासू लागली. देशात सतरा अणुभट्ट्या होत्या, त्यांची एकत्र क्षमता ४,१२० मेगावॅट होती, पण इंधनाअभावी त्या निम्म्या ताकदीनं चालवाव्या लागत होत्या. एकूण विजेत अणुऊर्जेचा वाटा तीन टक्क्यांच्या घरातच होता. अशा वेळी १८ जुलै २००५ रोजी वॉशिंग्टनमध्ये मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांनी संयुक्त निवेदन काढलं. भारतानं आपले नागरी आणि लष्करी अणुकार्यक्रम वेगळे करायचे, नागरी भट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीसाठी खुल्या करायच्या, आणि त्या बदल्यात भारतावरची तीन दशकांची बंदी उठवायची, असा हा व्यवहार होता. मार्च २००६ मध्ये ठरलं की २२ पैकी १४ भट्ट्या नागरी यादीत जातील.

या वाटाघाटींत मराठी माणसांचा सहभाग मोठा होता. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये जाहीरपणे भूमिका मांडली की जलद प्रजनक भट्ट्यांचा कार्यक्रम नागरी यादीत घालता येणार नाही. थोरियमवर पुढे वीज करायची भारताची जी दीर्घ योजना आहे, तिचा कणा याच भट्ट्या आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते अखेर मान्य झालं. पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री होते कराडचे पृथ्वीराज चव्हाण. केंद्रीय ऊर्जामंत्री सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे. अपारंपरिक ऊर्जेचं खातं नागपूरचे खासदार विलास मुत्तेमवार यांच्याकडे. आणि डाव्यांनी पाठिंबा काढल्याचं पत्र ज्यांच्या हाती दिलं, त्या राष्ट्रपती होत्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील.

विरोधही वजनदार होता. अमेरिकेनं डिसेंबर २००६ मध्ये केलेल्या हाइड कायद्यावर सगळ्यांचं बोट होतं. भारतानं पुन्हा अणुचाचणी केली तर सहकार्य थांबेल, भारताच्या वागणुकीचा अहवाल अमेरिकी काँग्रेसला द्यावा लागेल, अशा तरतुदी त्यात होत्या. डॉ. पी. के. अय्यंगार यांच्यासारखे अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष या अटींबद्दल सावध करत होते. डाव्या पक्षांना अमेरिकेशी सामरिक मैत्रीच नको होती. भारतीय जनता पक्षाची अडचण वेगळी होती. १९९८ च्या चाचण्या वाजपेयी सरकारनं केल्या होत्या आणि जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेशी सामरिक भागीदारीच्या पुढच्या पावलांची घोषणाही त्याच सरकारनं केली होती. म्हणून लालकृष्ण अडवाणी यांनी लोकसभेत मांडलेली भूमिका अशी होती की अमेरिकेशी मैत्रीला विरोध नाही, पण भारत ज्यात दुय्यम ठरतो असा करार नको. सत्तेवर आलो तर त्याच्या अटी नव्यानं ठरवू.

सर्वच बाजूंना सांगण्यासारखं होतं, आणि म्हणूनच हा प्रश्न सभागृहात कलमवार चर्चेला यायला हवा होता. तो आला नाही याचं कारण आपल्या घटनेच्या रचनेत आहे. परराष्ट्रांशी करार करणं हा संघसूचीतला चौदावा विषय. त्यावर कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे, पण करार कसे करावेत आणि ते संसदेपुढे कधी आणावेत, हे ठरवणारा कायदा संसदेनं केलेलाच नाही. त्यामुळे करार करण्याची सत्ता व्यवहारात मंत्रिमंडळाकडे राहते. करार अमलात आणण्यासाठी देशातला एखादा कायदा बदलावा लागला तरच संसदेचा संबंध येतो. न्या. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालच्या घटना आढावा आयोगानं २००२ मध्ये असा कायदा करण्याची शिफारस केली होती. ती कागदावरच राहिली.

या ठिकाणी भंडाऱ्याचा जुना इतिहास आठवतो. १९५४ च्या पोटनिवडणुकीत घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून उभे राहिले आणि पराभूत झाले. समाजवादी नेते अशोक मेहता त्या निवडणुकीत भंडाऱ्यातून लोकसभेत गेले. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना एक मूलभूत निवड समजावून सांगितली होती. सरकारचं स्थैर्य आणि सरकारचं उत्तरदायित्व या दोहोंपैकी भारतानं उत्तरदायित्वाला झुकतं माप दिलं आहे, आणि ते रोजच्या रोज तपासण्यासाठी प्रश्न, ठराव, चर्चा ही साधनं सभासदांच्या हाती आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. २२ जुलै २००८ ला लोकसभेत स्थैर्याची परीक्षा झाली. उत्तरदायित्वाची परीक्षा बाजूलाच राहिली.

जुलैच्या सुरुवातीला घटना वेगानं घडल्या. पंतप्रधान जी-८ परिषदेसाठी जपानकडे निघाले आणि ८ जुलैला डाव्या आघाडीनं पाठिंबा काढल्याचं जाहीर केलं. सुमारे साठ खासदारांचा आधार गेला. समाजवादी पक्षाच्या नेत्यांनी माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची भेट घेतली. करार देशहिताचा आहे असं त्यांनी सांगितल्यावर तो पक्ष सरकारच्या बाजूनं आला. मायावतींचा बहुजन समाज पक्ष विरोधात गेला. लोकसभेचे अध्यक्ष सोमनाथ चटर्जी यांचं नाव पाठिंबा काढणाऱ्यांच्या यादीत त्यांच्या पक्षानं घातलं होतं. अध्यक्ष कोणत्याही पक्षाचा नसतो या भूमिकेवर ते ठाम राहिले, खुर्चीवर बसले, दोन दिवस सभागृह चालवलं. दुसऱ्याच दिवशी पक्षानं त्यांची हकालपट्टी केली. त्या आठवड्यात पदाचा मान राखण्याची सर्वांत मोठी किंमत त्यांनीच मोजली.

भंडाऱ्याचे खासदार होते भाजपचे शिशुपाल पटले. २००४ मध्ये त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे प्रफुल्ल पटेल यांचा सुमारे तीन हजार मतांनी पराभव केला होता. पटेल राज्यसभेतून केंद्रात नागरी विमान वाहतूक मंत्री झाले. म्हणजे ज्या मंत्रिमंडळावरच्या विश्वासाचं मतदान होतं, त्यात ते होते. पण लोकसभेचे सदस्य नसल्यानं त्यांना त्या ठरावावर मत नव्हतं. मत होतं पटल्यांना. ते विरोधी बाकावर होते आणि पक्षादेशही विरोधाचाच होता. भाजपच्या ज्या खासदारांनी पक्षादेश मोडला, त्यांत पटले यांचं नाव नव्हतं.

पक्षादेशाची ताकद इथं समजून घ्यायला हवी. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनं पक्षांतरबंदी आली. पक्षाचा व्हिप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. सरकार पाडणाऱ्या किंवा तारणाऱ्या मतदानात ही शिस्त हवीच, नाहीतर सरकारं बाजारात विकली जातील. पण तीच शिस्त करारावरच्या विचाराला लागू झाली तर काय होतं? एखाद्या भाजप खासदाराला वाटलं असेल की करार चांगला आहे, किंवा एखाद्या काँग्रेस खासदाराला वाटलं असेल की हाइड कायद्याच्या अटी घातक आहेत, तर तसं मत नोंदवण्याची वाटच त्याला उरली नव्हती. करार आणि सरकार एकाच गाठीत बांधले गेले होते.

विदर्भात ही गाठ आणखी घट्ट होती. २००४ मध्ये इथल्या अकरा जागांपैकी नागपूर सोडून दहाही जागा भाजप-शिवसेना युतीनं जिंकल्या होत्या. त्यामुळे विजेच्या टंचाईनं होरपळलेल्या प्रदेशाचे प्रतिनिधी जवळपास सगळे करार करणाऱ्या सरकारच्या विरोधात बसले होते. आणि नेमका विदर्भच त्या दिवशी करार समर्थकांच्या भाषणात आला. राहुल गांधी यांनी यवतमाळ जिल्ह्यातल्या जळका गावच्या कलावतीची कहाणी सांगितली. पती शेतकरी, आत्महत्या करून गेलेला, मागे नऊ मुलं. गरिबी आणि ऊर्जा सुरक्षा यांचा संबंध दाखवण्यासाठी त्यांनी हे उदाहरण घेतलं होतं. मुद्दा खरा होता. वीज नसलेल्या घराला आणि पाणी न चढणाऱ्या शेताला ऊर्जेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पण त्या घरापर्यंत ही वीज कधी, कोणत्या दरानं आणि कोणत्या मार्गानं पोचेल, हे विचारणारा आणि त्याचं उत्तर नोंदवून घेणारा ठराव सभागृहापुढे नव्हता.

२२ तारखेच्या दुपारी अशोक अर्गल, महावीर भगोरा आणि फग्गनसिंह कुलस्ते या भाजपच्या तीन खासदारांनी एक कोटी रुपयांच्या नोटा सभागृहात आणून मांडल्या. मतदानापासून दूर राहण्यासाठी आपल्याला लाच देण्यात आली, असा त्यांचा आरोप होता. लोकसभेत असं दृश्य पूर्वी कधी दिसलं नव्हतं. गोंधळ इतका झाला की पंतप्रधानांना चर्चेला उत्तरही देता आलं नाही. त्यांनी आपलं लेखी भाषण सभागृहाच्या पटलावर ठेवलं. ज्या माणसानं या करारासाठी सरकार पणाला लावलं, त्याचं करारावरचं समारोपाचं म्हणणं सभागृहानं ऐकलंच नाही. तुरुंगात असलेल्या काही खासदारांनाही मतदानासाठी आणलं गेलं होतं. यंत्राच्या फलकावरचे आकडे पुरेसे नव्हते म्हणून चिठ्ठ्या मोजाव्या लागल्या. अखेर २७५ विरुद्ध २५६ मतांनी सरकार टिकलं. दहा जण मतदानापासून दूर राहिले.

महाराष्ट्रातही फूट पडली. यवतमाळचे भाजप खासदार हरिभाऊ राठोड यांनी पक्षादेश डावलला. पक्षानं ज्या आठ खासदारांना काढलं, त्यांत ते होते. शिवसेनेचे परभणीचे तुकाराम रेंगे पाटील यांनीही पक्षाचा आदेश पाळला नाही. एक वर्षापूर्वीच राष्ट्रपतिपदासाठी प्रतिभाताईंना पाठिंबा देऊन शिवसेनेनं आघाडीची चौकट मोडली होती. या वेळी मात्र पक्ष म्हणून ती विरोधी बाकांवरच राहिली. ज्यांनी पक्षादेश मोडला, त्यांच्या मतामागे कराराचा विचार किती आणि पुढच्या निवडणुकीचा किती, हे त्या दिवसाच्या नोंदीतून उलगडत नाही. हाच त्या पद्धतीचा दोष आहे. मत नोंदलं जातं, मतामागचं कारण नोंदलं जात नाही.

यानंतर करार झपाट्यानं पुढे सरकला. १ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं तपासणी कराराला संमती दिली, ६ सप्टेंबरला अणुपुरवठादार देशांच्या गटानं भारताला सूट दिली. मग करार अमेरिकी काँग्रेसपुढे गेला. २७ सप्टेंबरला प्रतिनिधिगृहानं तो २९८ विरुद्ध ११७ मतांनी मंजूर केला. १९८० मध्ये तारापूरच्या इंधनाला त्याच गृहात २९८ जणांनीच विरोध केला होता. १ ऑक्टोबरला सिनेटनं ८६ विरुद्ध १३ मतांनी संमती दिली. १० ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये प्रणव मुखर्जी आणि कोंडोलिझा राइस यांच्या सह्या झाल्या. एकाच करारावर एका देशाच्या प्रतिनिधींनी दोन सभागृहांत नावानिशी मत दिलं, आणि दुसऱ्या देशाच्या प्रतिनिधींनी आपलं सरकार राहील की जाईल एवढंच ठरवलं.

जे प्रश्न २००८ मध्ये विचारले गेले नाहीत, ते दोन वर्षांनी परत आले. अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची, यासाठी अणुदायित्व विधेयक आलं. जून २०१० मध्ये भोपाळ वायुकांडाचा निकाल लागला आणि देश पेटून उठला होता. हे विधेयक असल्यामुळे संसदेला त्याच्या प्रत्येक कलमावर हात घालता आला. स्थायी समितीनं ते तपासलं. केंद्र चालवणाऱ्याच्या भरपाईची मर्यादा ५०० कोटींवरून १,५०० कोटी रुपयांवर गेली. सदोष यंत्रसामग्री देणाऱ्या पुरवठादारावर दावा करण्याची तरतूद विरोधकांच्या आग्रहामुळे मजबूत झाली. २५ ऑगस्टला लोकसभेनं आणि ३० ऑगस्टला राज्यसभेनं ते मंजूर केलं. कलमं समोर आली, तेव्हा खासदारांनी ती वाचली, वाद घातला आणि बदलली. आपले प्रतिनिधी असल्या विषयांत गती नसलेले आहेत, हा समज त्या उन्हाळ्यानं आणि पावसाळ्यानं खोटा ठरवला. त्यांना संधी मिळाली, आणि त्यांनी ती वापरली.

जिथं संधी मिळाली नाही, तिथं प्रश्न रस्त्यावर आले. ६ डिसेंबर २०१० रोजी फ्रान्सच्या अरेवा कंपनीशी जैतापूरसाठी करार झाला. राजापूर तालुक्यात १,६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट. तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण होते. दिल्लीत अणुकराराच्या काळात त्यांनी पाहिलेलं काम आता कोकणच्या जमिनीवर येऊन उभं राहिलं होतं. माडबनच्या जमिनी, साखरीनाट्याची मासेमारी, आणि मार्च २०११ मधला जपानचा फुकुशिमा अपघात या सगळ्यांनी विरोध धारदार झाला. १८ एप्रिल २०११ ला आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि एक मच्छीमार ठार झाला. किनाऱ्यावरच्या माणसानं जे प्रश्न विचारले, ते तीन वर्षं आधी त्याच्या प्रतिनिधीनं लोकसभेत विचारायचे होते. २०२० पर्यंत २०,००० मेगावॅट अणुवीज करण्याचं लक्ष्य होतं. त्या वर्षी प्रत्यक्ष क्षमता ६,७८० मेगावॅट होती. आयात युरेनियममुळे जुन्या भट्ट्या पूर्ण ताकदीनं चालू लागल्या, हा कराराचा खरा आणि मोठा लाभ. पण परदेशी भट्ट्यांचं जे स्वप्न २००८ मध्ये दाखवलं गेलं, त्यातलं जैतापूर उभं राहिलं नाही.

म्हणून करार योग्य होता की अयोग्य, या वादाइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. ज्या करारानं पिढ्यान्‌पिढ्यांचं बंधन येतं, जमीन, समुद्र आणि वीजदर ठरतात, तो संसदेपुढे त्याच्या स्वतःच्या नावानं यायला हवा. त्यावरच्या मताला सरकारच्या अस्तित्वाची गाठ नसावी आणि व्हिपही नसावा. अविश्वासाच्या ठरावाला पक्षशिस्त हवी. कराराच्या ठरावाला सद्सद्विवेक हवा. संघसूचीच्या चौदाव्या नोंदीखाली असा कायदा संसद आजही करू शकते, त्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही.

भंडारा-गोंदियाचा खासदार पुढे कोणत्याही पक्षाचा असो, सिहोऱ्याच्या मतदाराला त्याच्याकडे एक साधी मागणी करता आली पाहिजे: या करारातलं हे कलम तुम्ही मान्य केलं की नाकारलं, आणि का, ते सांगा. २००८ मध्ये या प्रश्नाचं उत्तर कोणत्याच खासदाराकडे नव्हतं, कारण त्याला तो प्रश्न कधी घालण्यातच आला नव्हता. तो घालण्याची व्यवस्था करणं हे संसदेचं काम आहे, आणि ते करून घेणं मतदारांचं.